उमेळ्याचं घर तपासलं तेव्हा

तोवर मी फक्त कारखाने तपासले होते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांमध्ये जायचं, बॉयलर, कॉम्प्रेसर, मोटारी बघायच्या, वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि मालकाला सांगायचं, हे माझं काम. त्याला एनर्जी ऑडिटर म्हणतात. सरकारने या कामाची परीक्षा सुरू केली, त्यानंतर लवकरच मी ती पास झालो होतो. आमच्या साताऱ्याकडच्या नातेवाईकांना काही ते नीट कळायचं नाही. 'मीटर रीडिंग घेतोस का?' असं विचारायचे. मीही हो म्हणून मोकळा व्हायचो.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मला वसईजवळच्या उमेळे गावाहून फोन आला. माझ्या जुन्या घरमालकिणीचा मुलगा बोलत होता. तो बरीच वर्षं आखातात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला होता आणि आता कायमचा परत आला होता. वाडीतल्या जुन्या घराच्या जागी त्याने दुमजली घर बांधलं होतं. वास्तू आशीर्वादित करायला फादर आले होते, त्या दिवशी आम्हीही जेवून आलो होतो.

"तू घरं तपासतोस ना?" त्याने विचारलं.

"कारखाने तपासतो. का रे?"

"माझं घर तपास. बिल फार येतं, हे एक. आणि दुसरं..." तो थांबला. "आय नवीन खोलीत झोपत नाही. मागे जुनं स्वयंपाकघर ठेवलंय ना कौलाचं, तिथे खाट टाकून झोपते. एकदाच म्हणाली, इथे गरम होतं. आता विचारलं की म्हणते, कौलाची सवय आहे. अरे, घरातली सगळ्यात चांगली खोली तिला दिलीय. तळमजल्यावर, खाली फरशी, बाथरूम लागून. गावातले लोक विचारतात, आईला मागे का ठेवलंय? तू ये, यंत्रं लाव आणि तिला सांग की घरात काही खोट नाही."

मी रविवारी येतो म्हणालो. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

नव्वदच्या दशकात लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा वसईत आलो, ते याच बाईंच्या भाड्याच्या खोलीत. वाडीच्या एका कडेला विटांच्या चार भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. विहिरीचं पाणी, भोवती चिकू आणि आंबे, आणि स्टेशन चालत जाण्याजोगं. तेवढ्यावर आम्ही खूश होतो. मुलगी झाली आणि तिचा पहिला उन्हाळा आला, तेव्हा मात्र पत्रा काय असतो ते समजलं. दुपारी खोलीत थांबवत नसे. मुलीच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. मी कामावर असायचो. एका दुपारी मालकीणबाई खोलीच्या दारात आल्या, बायकोच्या हातून मुलीला घेतलं आणि म्हणाल्या, "हिला मी नेते. तू पन ये. पत्र्याखाली लेकरू ठेवतात काय?"

तेव्हापासून आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारनंतर माझी बायको आणि मुलगी त्यांच्या जुन्या घराच्या पडवीत असायच्या. मावशी घरात आपल्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलायच्या आणि आमच्याशी बाजारातल्या मराठीत. सकाळी टोपलीभर भाजी बाजारात विकून यायच्या, दुपारी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन वारा घालायच्या. पुढे मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला आणि मी परीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा अभ्यासाला पडवीतला कोपरा त्यांनीच दिला. मी पुस्तक उघडलं की त्या शेजारणींना दटावायच्या, "हळू बोला, तो शिकतोय." पस्तिशीला आलेला माणूस मी, तरी त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुढे आम्ही वसई रोडला फ्लॅट घेतला. येणं-जाणं होतं, पण कमी झालं होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती मंडळी घरी आली, तेवढ्यात मी पोचलो. पिशवीत तापमान मोजायची दोन यंत्रं, विजेचा प्रवाह मोजायचा चिमटा आणि टॉर्च होता. मावशींनी माझा हात धरला आणि आधी मुलीची चौकशी केली. मग पिशवीकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टरवानी आलास की."

सुनेने सरबत दिलं. स्वयंपाकघरात नवा कोरा फ्रीज होता. त्याच्या दारावर ताऱ्यांचं सरकारी लेबल अजून तसंच होतं. मावशींनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय रे? आमच्याकडं तारा नाताळात लावतात. हा बारा महिने हाय."

मी म्हणालो, "मावशी, एकाच मापाचे पाच फ्रीज घ्या. सगळे सारखंच थंड करतात. पण एकाला त्यासाठी जास्त वीज लागते, एकाला कमी. प्रयोगशाळेत सगळ्यांना सारख्या हवेत ठेवतात, वर्षाला किती युनिट खातील ते काढतात. कमी खाणाऱ्याला जास्त तारे."

"आनि घराला?"

"घराला कुठलं लेबल?"

"का? घर पन वीज खातं."

सून हसली, पण प्रश्न बरोबर होता. मी त्यांना सांगितलं की परदेशात काही ठिकाणी घरालाही अशी श्रेणी देतात. आपल्याकडे तेव्हा मोठ्या ऑफिसांच्या इमारतींसाठी नियम आले होते, राहत्या घरांसाठी काही नव्हतं. तिकडे तपासणारा माणूस येतो. छत कशाचं, भिंती किती जाड, खिडक्या कुठल्या दिशेला, ऊन कुठून येतं, वारा कुठून, पाणी कशावर तापतं, दिवे कसले, हे सगळं बघतो. घरात कोण राहतं, कोण दिवा चालू ठेवून झोपतं, याचा हिशेब त्यात धरत नाहीत. साधारण कुटुंब त्या घरात राहिलं तर किती वीज लागेल, तेवढंच काढतात.

"म्हणजे मार्क घराला, माणसांना नाहीत," सून म्हणाली.

"अगदी बरोबर."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "चल, आधी आयची खोली बघ."

खोली खरंच चांगली होती. मोठी, स्वच्छ, पांढऱ्या फरशीची. भिंतीवर क्रूस आणि खाली मेणबत्तीसाठी फळी. पश्चिमेच्या भिंतीला डोकं करून सागवानी पलंग होता आणि त्यावरची चादर कोणी झोपलेलं नसावं इतकी सरळ होती. मी एक यंत्र तिथे ठेवलं, दुसरं मागच्या कौलारू स्वयंपाकघरात. बाराच्या सुमाराला दोन्ही पाहिली. मावशींची नवी खोली जुन्या स्वयंपाकघरापेक्षा दोन अंशांनी थंड निघाली.

"बघ आय!" मुलगा जवळजवळ ओरडलाच. "मी काय सांगत होतो? यंत्र खोटं बोलत नाही."

मावशी अंगणात बोंबील साफ करत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या.

मला ते 'बरं' आवडलं नाही. या बाईंना मी ओळखत होतो. त्या उगाच हट्ट करणाऱ्या नव्हत्या. मी मुलाला म्हणालो, "हे एका वेळचं माप झालं. कौलं पातळ असतात, उन्हात लगेच तापतात. त्यात तिथे आता चूल पेटलेली आहे. मला संध्याकाळी पुन्हा बघायचंय."

"संध्याकाळी काय वेगळं निघणार?"

"तुझी आई दुपारी बारा वाजता झोपते का?"

 त्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसत होती. मला वाटतं, त्याला सर्टिफिकेट हवं होतं आणि मी त्याला ते हातचं राखून देत होतो. सुनेनेच वेळ सांभाळली. "भाऊ, जेवूनच जायचं. बोंबलाचं कालवण आहे, तांदळाच्या भाकऱ्या टाकते."

जेवणानंतर मी बाकीचं घर बघितलं. ताऱ्यांचा फ्रीज गॅसच्या शेगडीला खेटून आणि मागच्या भिंतीला चिकटवून ठेवला होता. त्याला मागून श्वास घ्यायला जागाच नव्हती. मी दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि ओढला. एका कोपऱ्यात तो सहज निघून आला, म्हणजे तिथून गारवा बाहेर जात होता. "प्रयोगशाळेत याच्या शेजारी शेगडी नव्हती," मी सुनेला म्हणालो. ती लगेच नवऱ्याला म्हणाली, "मी बांधतानाच सांगत होते, फ्रीज खिडकीजवळ घेऊ."

वरच्या मजल्यावर तर छताचा स्लॅब दिवसभर तापलेला असायचा. त्यांची दोन मुलं आणि ही दोघं तिथेच झोपत. पंखा लावला की वरची गरम हवा अंगावर यायची. मग ते दोन-दोन पंखे लावायचे. बिलाचं उत्तर तिथेच होतं. मुलगा माझ्या मागे मागे येत होता आणि मी एखाद्या खिडकीपाशी थांबलो की आधीच खुलासा करायचा. "इथे छज्जा काढणार होतो, पण कॉन्ट्रॅक्टर म्हणाला चांगला दिसत नाही." "हे मी नव्हतो तेव्हा झालं." मी काहीच ठपका ठेवत नव्हतो, तरी तो उत्तरं देत होता.

गच्चीवर गेल्यावर मला पश्चिमेची बाजू दिसली. माझ्या आठवणीत तिथे आंब्याची मोठी झाडं होती. आता तो तुकडा बिल्डरला गेला होता आणि तिथे नुसता पाया खणून ठेवलेला होता. मावशींच्या खोलीची भिंत दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत उघडी, मध्ये पानही नाही.

"झाडं कधी गेली?"

"घर बांधायच्या वेळी. तो पैसा घरातच घातला." मग हळू आवाजात म्हणाला, "आयला विचारून केलं होतं."

एरवी बाहेरच्या खोलीत होणारी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्या संध्याकाळी घरातल्यांनी मावशींच्या खोलीतच क्रूसासमोर म्हटली. मी पडवीत बसून ऐकत होतो. प्रार्थना संपल्यावर मी आत गेलो. उंबरा ओलांडताच अंगाला झळ लागली. यंत्रावर आकडा दुपारपेक्षा चांगलाच वर चढलेला होता. मागच्या कौलारू खोलीत मात्र पारा उतरला होता. कौलं ऊन गेल्याबरोबर निवली होती आणि फटींतून वारा खेळत होता.

मी मुलाला पलंगाशी बोलावलं. "इथे हात लाव."

त्याने उशीच्या वर, भिंतीला तळहात टेकवला. काढला नाही. तसाच उभा राहिला.

"तव्यासारखी आहे," तो म्हणाला.

"नऊ इंची वीट आहे. दुपारी बाहेरून ऊन खाते, ते आत पोचायला तिला काही तास लागतात. तू सकाळी खोलीत येतोस तेव्हा ती थंड असते. आई झोपायला येते तेव्हा ती गरम होते. दोघंही खरं सांगत होतात."

मावशी क्रूसाखालची मेणबत्ती विझवत होत्या. मुलगा त्यांच्याकडे वळला.

"आय, मला नीट सांगायचं ना. भिंत तापते म्हणून. तू सगळ्यांना सांगत होतीस, कौलाची सवय हाय."

मावशींनी मेणबत्ती फळीवर ठेवली. "काय सांगू? इतकी वर्सं तिकडं आगीसमोर उभा राहिलास. त्यातनं हे बांधलंस. आनि मी म्हनू, पोरा, तुझी भिंत तापते? गावात कोनी ऐकलं असतं तर म्हनलं असतं, म्हातारी घराला नावं ठेवते. म्हनून म्हनलं, सवय हाय."

"मला वाटलं तुला घर आवडलंच नाही."

"घर लय आवडतं. बाथरूम तर राजाचं हाय."

सुनेला हसू फुटलं आणि तिने तोंडाला पदर लावला. मुलगाही हसला, पण डोळे पुसत. मी यंत्र पिशवीत भरायला लागलो, कारण अशा वेळी माणसाने काहीतरी करत राहावं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्या बाईंनी माझ्यासाठी इतकं केलं होतं, आणि त्याची परतफेड कशी करायची हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या हाती निदान एक तापमापक होता, आणि तो उपयोगी पडला.

पहिलं काम आम्ही तिथल्या तिथे केलं. तिघांनी मिळून तो जड पलंग पूर्वेच्या भिंतीला नेला. सागवान काय वजनाचं असतं ते माझ्या कंबरेला पुढचे दोन दिवस आठवत होतं. बाकीचं मी त्यांना समजावून सांगितलं. बाहेरून ऊन अडवायचं, आत आल्यावर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. पश्चिमेला मांडव घालून वेल चढवा. खिडकीवर छज्जा काढा. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवून घ्या, म्हणजे ऊन परत जाईल. फ्रीज शेगडीपासून हलवा आणि दाराचं रबर बदला. मुलगा मावशींच्या खोलीत एसी बसवायच्या विचारात होता. मी म्हणालो, "आधी हे कर. मग लागला तर लहानसा पुरेल."

"आनि माझ्या जुन्या चुलीच्या खोलीला किती तारे?" मावशींनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा विजयाचा सूर होता.

मला खरं सांगणं भाग होतं. "झोपायला चांगली आहे, मावशी. पण धूर आतच कोंडतो आणि भर दुपारी तिथे दिवा लावावा लागतो. सकाळपासून तुम्ही खोकताय, तो खोकला त्याचाच आहे. तिथे काचेचं कौल बसवा आणि धुराला वर वाट काढा."

"म्हंजे तिलाबी नापास केलंस!" त्या म्हणाल्या. पण पावसाळ्याआधी त्यांनी काचेची दोन कौलं बसवून घेतली, हे मला सुनेने फोनवर सांगितलं.

मुलाने सगळं मनावर घेतलं. आखातातून आल्यापासून त्याला नेमकं काय करावं ते सुचत नव्हतं, आता रोज काहीतरी हातात होतं. मांडवाचे बांबू चांदीप गावच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणले. मावशींनी तोंडलीचा वेल लावला आणि त्याच्या मुळाशी न्हाणीचं पाणी वळवलं. टाइल्सचे तुकडे तो दुकानादुकानांतून गोळा करायचा. त्याची बायको चिडवायची की लोक भंगारवाला समजतील. गवंड्याबरोबर स्वतः उन्हात बसून त्याने गच्ची पांढरी केली. मध्ये मध्ये मला फोन यायचा. छज्जा किती पुढे काढू? वेल भिंतीला चिकटू देऊ की अंतर ठेवू? मी म्हणालो, अंतर ठेव, मधून वारा जाऊ दे.

त्याच्याकडून हे गावात पसरलं. कोणी म्हणे, आमच्या माडीचं बघा. वसईतल्याच होळी नावाच्या भागातल्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याने त्याच्या भाजी ठेवायच्या खोलीसाठी बोलावलं, मग एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी. त्याच सुमारास मंदी आली आणि वसाहतीतले कित्येक गाळे बंद पडले. कारखान्यांची कामं आटली तेव्हा या घरांनीच आम्हाला सांभाळलं. मी कारखान्यात आधी मीटर बघायचो. घरात गेल्यावर आधी विचारू लागलो, इथे कोण झोपतं आणि कधी. ही सवय मला उमेळ्यात लागली आणि तिचा मला आजवर फायदाच झाला आहे.

पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम गेलो. काम कसं उतरलं ते मोजायचं होतं आणि या वेळी बायको आणि मुलगीही बरोबर होत्या. पश्चिमेची भिंत हिरवीगार झाली होती, तोंडली लोंबत होती. संध्याकाळी मी भिंतीला हात लावला. कोमट होती, एवढंच. यंत्राने माझ्या अंदाजापेक्षाही चांगला आकडा दाखवला. वरच्या खोल्याही सुधारल्या होत्या, पण घरातली सगळ्यात थंड खोली आता मावशींची होती.

आणि त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर चटया, दोन गाद्या, नातवंडांच्या उशा, कोपऱ्यात मुलाचा रेडिओ, आणि टेबलपंख्यासमोर शेजारणीचं तान्हं मूल झोपलेलं. सून लसूण सोलत बसली होती. मावशी पलंगाच्या एका टोकाला अंग चोरून बसल्या होत्या.

"बघ तुझ्या कामाचं फळ," त्या मला म्हणाल्या. "वर दोन खोल्या मोकळ्या हायत आनि सगळं गाव माझ्याकडं झोपायला येतं. रात्री पानी प्यायला उठायचं तरी कोनाच्या तरी अंगावर पाय पडतो."

"मग तुम्ही मागे झोपता का पुन्हा?" माझ्या बायकोने विचारलं.

"मी का जाऊ? माझी खोली हाय ती," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या मुलीला बसायला आपल्या शेजारी पलंगावर जागा करून दिली.